चॉकलेटी चौकड्यांचा शर्ट

४ फेब्रुवारी

धाकटे,

आशीर्वाद वगैरे सगळे आहेतच, ते उशाशी ठेव आणि आधी बातमी ऐक. मी ओळखलं त्याला!

फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, म्हणून पत्र लिहितेय. शांतपणे वाच आणि मग मेहुण्यांच्या चांगल्या कानाशी बसून त्यांनाही वाचून दाखव.

आज ओळख परेड होती. मला वाटलं होतं परेड म्हणजे चालत वगैरे येतील. तसं काही नसतं. लांबट खोली, एका भिंतीला सारख्या उंचीची, सारख्या बांध्याची माणसं रांगेत उभी, आणि आपण समोरून बघत जायचं. चौकीतल्या साहेबांनी आधीच बजावलं होतं, "काकू, घाई करू नका. चेहरे बघा. कपड्यांकडे लक्ष देऊ नका." म्हटलं, बरं. पहिला नाही. दुसरा नाही. तिसऱ्याला तर उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. आणि चौथ्यासमोर आले तशी थबकले. हा ओळखीचा! याला मी पाहिलंय, जवळून पाहिलंय! बोट आपोआप वर गेलं. साहेबांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की म्हणजे काय, काळ्या दगडावरची रेघ."

त्या संध्याकाळी मी माझ्या शिवणाच्या दुकानाचं शटर ओढायला बाहेर आले होते, आणि तो तुमच्या चष्म्याच्या दुकानातून गल्ला काखोटीला मारून पळत सुटला होता. हातभर अंतरावरून गेला. एकदाच वळून बघितलं त्याने. आत मेहुणे स्टूलखाली पडलेत हे मला तोवर माहीतही नव्हतं. हॉस्पिटलात तुझा हात धरून मी म्हटलं होतं, सापडू दे फक्त, कोर्टात उभी राहून मी बोट दाखवीन. तो शब्द अर्धा पाळला बघ.

तू नेहमी हसतेस ना मला, ताईला माणसं कपड्यांवरून कळतात, उघडा माणूस समोर आला तर म्हणेल "आपण कोण?" आता बोल! (परवा कोटवाले मास्तर कोट न घालता समोरून आले आणि मी ओळख दिली नाही, ते सोड. कोटाशिवाय ते मास्तर दिसतच नाहीत.) आणि समोरच्या वकिलाने माझ्या नजरेत खोट काढलीच तर सांगणार आहे, चष्मा माझ्या मेहुण्यांनी स्वतः नंबर काढून दिलाय, बोलायचं ते जपून बोला.

तुझी ताई

---

११ फेब्रुवारी

धाकटे,

तुम्ही गावाला गेल्यापासून बंद असलेलं तुमचं घर झाडलं, खिडक्या उघडून वारा घेतला. कुंड्यांतलं एक झाड गेलं, त्याला माझा इलाज नाही.

मेहुण्यांचे कपडे पार्सलने पाठवतेय. दोन स्वेटर, तीन पँट, पांढरे शर्ट सगळे. त्यांना हवा आहे तो चॉकलेटी चौकड्यांचा शर्ट मात्र सापडेना. कपाट उपसलं, ट्रंक उपसली. मानेला टोचत नाही म्हणून तोच हवा म्हणतात, हे ऐकून मात्र मूठभर मांस चढलं. ती कॉलर माझी आहे! जुनी पार झिजली होती, तेव्हा मी शर्टाचं मागचं टोक, पँटमध्ये खोचलं जातं ते, कापून त्याची नवी कॉलर केली होती. आणि मागे उरलेल्या खिंडाराला तुझ्या लेकीच्या जुन्या फ्रॉकचं निळं कापड जोडलं, पिवळ्या फुलांचं. मेहुणे म्हणाले होते, "अहो, फुलं?" मी म्हटलं, "खोचल्यावर कोण बघतंय?" कापड जरा कमी पडलं म्हणून कॉलरची टोकं आखूड झाली, तेवढीच खोड राहिली.

तू कुठे ठेवलायस तेवढं कळव. आणि त्यांना सांग, चालताना भिंत धरायला लाजू नका. भिंती त्यासाठीच असतात.

ताई

---

२० फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र काल दुपारी आलं. शर्टाबद्दलची ओळ वाचली आणि हातातली कात्री तशीच राहिली.

तू लिहितेस, गावाला निघायच्या आधी कपाट आवरलं, वर्षभर अंगाला न लागलेले कपडे गाठोड्यात बांधले आणि त्या हवालदारबाईंना दिले, कारण हॉस्पिटलात त्या तुझ्याशी फार मायेने वागल्या होत्या आणि बोलताबोलता म्हणाल्या होत्या की चौकीत आणलेल्या माणसांना कधीकधी अंगावर घालायलाही काही नसतं. तुझा हात पहिल्यापासून सढळ, त्यात मला नवल नाही. पण त्या गाठोड्यात चॉकलेटी चौकडा गेला, चुकून गेला.

धाकटे, चौथ्या माणसाच्या अंगावर चॉकलेटी चौकडा होता.

मी आधी स्वतःलाच दटावलं, जगात काय एकच शर्ट आहे? चौकडे पैशाला पासरी मिळतात. मग रात्रीचं जेवण काही गेलं नाही, तेव्हा सकाळी उठून सरळ चौकीत गेले. हवालदारबाई भेटल्या. त्यांनी सहज सांगितलं, त्यांना कुठे माहीत मला काय हवंय! त्याला पकडून आणला तेव्हा त्याचे स्वतःचे कपडे तपासणीला काढून घेतले. मग तुझ्या गाठोड्यातला एक शर्ट दिला त्याला. "तुमच्या बहिणीला सांगा," म्हणाल्या, "लगेच उपयोग झाला."

त्याच शर्टात तो रांगेत उभा होता. टोकं आखूड असलेली ती कॉलर. साहेबांनी कपडे बघू नका म्हटलं, मी बघितले नाहीत, पण चाळीस वर्षांची खोड अशी सांगून जाते का? माझी नजर आधी गळ्यापाशी जाते आणि मग वर चढते. मला जो ओळखीचा वाटला तो माणूस नव्हता, माझंच शिवणकाम होतं.

आता डोळे मिटून त्या संध्याकाळचा पळणारा माणूस आठवायला बसले, की त्याच्या जागी चौथाच येतो, आणि तोही कॉलर घालून येतो. दोन रंगांचा दोरा एका बॉबिनवर गुंडाळला गेला की मग कुठला आधीचा आणि कुठला नंतरचा ते कसं सांगायचं? तो नसेलच असं मी म्हणत नाही. असेलही. पण नक्की म्हणाले ते खोटं म्हणाले, आणि हे मला आता माहीत झालंय.

तुला आधी सांगतेय, कारण शर्ट तुमचा आहे आणि डोकं मेहुण्यांचं फुटलंय. माझा विचार ठरत आलाय. पण तुझं म्हणणं ऐकल्याशिवाय पाऊल उचलणार नाही.

ताई

---

३ मार्च

धाकटे,

तुझं म्हणणं ऐकलं. एकाच पानाचं पत्र, पण कागद फाटेस्तोवर पेन दाबलंयस.

तू म्हणतेस, दिलेला शब्द परत घेतेस? तू म्हणतेस, फरशीवरचं रक्त मी पुसलं, तू नाही. म्हणतेस, नवऱ्याला जिन्यावरून लहान मुलासारखं उतरवते मी, आणि तू एका शर्टासाठी चोराच्या बाजूने उभी राहणार. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मला फार लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

तरी मी गेले. तुझं ऐकून मग उलट वागले, असं म्हण हवं तर. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काय अर्थ आहे?

आधी साहेबांकडे गेले. त्यांनी पाणी मागवलं, पंखा वाढवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "काकू, तुम्हाला वाटतंय तसं काही नसतं. साक्ष जवळ आली की सगळ्यांचेच पाय लटपटतात. त्याच्यावर आधीच्या दोन केसेस आहेत. त्या दिवशी तो त्याच भागात होता. गडी सरळ नाही."

मी म्हटलं, "चोर सोडून संन्याशाला फाशी नको व्हायला."

"अहो, हा काय संन्यासी आहे?"

"नसू दे. पण फाशी याच चोरीची आहे ना?"

त्यावर साहेब फायली सारख्या करायला लागले. माणूस वाईट नाही गं तो. मेहुण्यांना आपल्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं त्यानेच. त्याला मनापासून वाटतं की हाच तो.

मग सरकारी वकीलबाईंकडे गेले. आपल्या लेकीच्या वयाच्या असतील. टेबलावर कागदांचा ढीग, ढिगावर अर्धा खाल्लेला डबा. सगळं ऐकून घेतलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. मग म्हणाल्या, "काकू, तुम्ही हे मला सांगितलं नसतं तर फार बरं झालं असतं."

"मग सांगितलं नाही असं समजा."

"तेच तर जमत नाही. माझी अख्खी केस तुमच्या बोटावर उभी आहे. पण आता मला माहीत झालंय, म्हणजे त्याच्या वकिलालाही मला कळवावं लागणार."

"कोणी विचारलं नाही तरी?"

"कोणी विचारलं नाही तरी."

नाकावर माशी बसू न देणारी पोर आहे, पण ते बोलताना तिचा चेहरा उतरला होता. ही तिची पहिलीच मोठी केस, हे मला बाहेरच्या शिपायाने सांगितलं. मी माझं ओझं तिच्या डोक्यावर ठेवून हलकी होऊन घरी आले, असं वाटून वाईट वाटलं. मग घरी येऊन जेवले, आणि खरं सांगते, त्या दिवशी पोटभर जेवले.

रागाव. पण पत्राला उत्तर दे.

ताई

---

१८ जून

धाकटे,

मधल्या माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही. हेही जाऊन पडेल त्यांच्यात, पडू दे. परवा कोर्टात मागच्या बाकावर तू भिंतीकडे तोंड करून बसलीस आणि मधेच उठून गेलीस. म्हणून माझ्या बाजूने कसं दिसलं ते लिहितेय.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हा पाय खरंच लटपटत होते, साहेब तेवढं बरोबर बोलले होते. वकीलबाईंनी सरळच विचारलं, "चार नंबरच्या माणसाला तुम्ही कशावरून ओळखलंत?"

"कॉलरवरून."

लोक हसले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "चेहऱ्यावरून नाही?"

"तेव्हा मला वाटलं चेहऱ्यावरून. पण साहेब, मी शिवणकाम करते. तो शर्ट मी दुरुस्त केलेला होता. आता चेहरा आणि कॉलर वेगळी काढायला बसले तर मला जमत नाही."

"शर्ट तुम्ही दुरुस्त केलात याला आधार काय?"

मी म्हटलं, "त्यांना जरा पाठमोरं व्हायला सांगा. आणि शर्ट खोचलाय तो बाहेर काढायला सांगा."

तोच शर्ट घालून आला होता तो. दुसरा असेल असं वाटत नाही. बिचारा गोंधळला, आपल्या वकिलाकडे बघितलं, मग पाठ करून शर्टाचं टोक बाहेर ओढलं. भर कोर्टात, निळ्यावर पिवळी फुलं! शिपायालासुद्धा हसू आवरेना. मला मात्र रडू फुटलं. तो फ्रॉक घालून तुझी पोर माझ्या मशीनखाली बसायची आणि चिंध्यांची बाहुली करायची, ते सगळं त्या माणसाच्या पाठीवर लोंबत होतं.

मेहुण्यांची साक्ष सकाळीच झाली होती, म्हणून ते आत बसले होते. मागून वार झाला, चेहरा दिसला नाही, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. न्यायाधीशांनी त्यांना पुन्हा उभं केलं. कान पुढे करून त्यांनी प्रश्न ऐकला आणि म्हणाले, "हो, माझाच. खोचल्यावर कोण बघतंय, असं या मला म्हणाल्या होत्या. आता अख्खं कोर्ट बघतंय." काय माणूस आहे तुझा नवरा! एवढं सोसून जिभेवर कडू थेंब नाही.

मग न्यायाधीशांनी विचारलं, "तुमच्याकडून तो चौकीत कसा गेला?"

"ते आमची मंडळी सांगतील," मेहुणे म्हणाले आणि वळून तुझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आणि तू पिशवी उचललीस आणि दाराबाहेर गेलीस.

मी तुला दोष देत नाही. तुझ्या तोंडून "मी दिला" एवढं निघालं असतं तर त्या माणसाला तूच सोडवल्यासारखं झालं असतं, आणि ते तुझ्याकडून कोणी कशाला मागावं? तुझ्याऐवजी हवालदारबाईंनी सांगितलं. काम झालं. पण तू दारातून वळून एकदा तरी बघशील असं मला वाटलं होतं.

निकालाला वेळ आहे. आता माझ्या ओळखीला काही किंमत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. जाताना माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आता रोज झोप लागेल ना काकू?" मी म्हटलं, "मला तर लागेल. तुझं काय?" म्हणाल्या, "मलापण. नोकरीचं बघू."

ताई

---

९ ऑगस्ट

धाकटे,

तो सुटला, हे तुला कळलंच असेल. माझ्या ओळखीशिवाय हातात होतं ते पुरेना. साहेब रस्त्यात भेटले तर म्हणाले, "काकू, तुमच्यामुळे सुटला." मी म्हटलं, "माझ्यामुळेच अडकला होता." मग त्यांनी युनिफॉर्मची पँट ढिली करायला टाकली माझ्याकडे, म्हणजे राग फार नसावा. पोट मात्र वाढलंय.

आज पत्राला कारण वेगळं आहे. सकाळी मी काज करत बसले होते. उंबऱ्यापाशी कोणी तरी उभं राहिलं. मी चष्म्यातून बघून म्हटलं, "बोला, काय शिवायचंय?" मग त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी टेबलावर ठेवलं. उघडलं तर चॉकलेटी चौकडा. तेव्हा कुठे मला कळलं समोर कोण उभं आहे! हस आता. हसण्यासारखंच आहे.

"हा तुमच्या घरचा म्हणे," तो म्हणाला. "धुतलाय."

खरंच धुतला होता. साबणाचा वास येत होता, घड्या नीट घातल्या होत्या. एक बटण गेलेलं. मी बस म्हटलं, तो बसला नाही. मला मनातल्या मनात ठेवता येत नाही हे तू जाणतेस. सरळ विचारलं, "खरं सांग. तिथे तू होतास?"

"नव्हतो."

"बरं."

तो जायला वळला, पुन्हा फिरला. मग म्हणाला, "गल्ल्यांवर हात मारलाय मी आधी. खोटं नाही बोलत. माणसावर नाही मारला कधी." आणि गेला.

तू विचारशील, पटलं का तुला? पटलं असं नाही, आणि नाही पटलं असंही नाही. कोर्टात मी हेच तर सांगत होते. रोज मशीनवर बसते, दोरा ओवते, आणि मन शांत असतं. मेहुण्यांवर वार करणारा कोण हे मला माहीत नाही आणि मला माहीत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. यात मला सुख वाटतं, हे ऐकून तुला आणखी राग येईल. पण तुझ्याशी खोटं बोलायला लागले तर मग बोलायला कोण उरलं मला?

शर्टाला बटण लावलं. तुला पाठवतेय. माझ्याकडे ठेवून काय करू? मेहुण्यांच्या मानेला टोचत नाही, त्यांनी घालावा. किंवा तू फरशी पूस त्याने. तुझा आहे, तू ठरव.

पण काही तरी ठरव गं. पाच महिने झाले तुझं अक्षर पाहून.

ताई

---

२६ ऑगस्ट

धाकटे,

पार्सल आलं. उघडायच्या आधी दार लावून घेतलं, गिऱ्हाइकासमोर रडायला नको म्हणून.

पहिल्यांदा शर्टच दिसला, तसाच्या तसा. म्हटलं परत पाठवला, तोडलं हिने. मग खिशात चिठ्ठी लागली. वाचली. पुन्हा वाचली. मग मशीनवर डोकं टेकून मनसोक्त रडून घेतलं आणि पाठोपाठ हसायला लागले. कोटवाले मास्तर बाहेरून दार वाजवून विचारत होते, "सगळं ठीक आहे ना?" आज कोट घातला होता, त्यामुळे लगेच ओळखलं.

तुझी चिठ्ठी तुलाच लिहून दाखवते, तू काय लिहिलंयस ते तुला कळावं म्हणून: "शर्ट मी दिला होता. दिलेली वस्तू मी परत घेत नाही. त्याला देऊन टाक. बटण रंगाला जुळत नाही, आंधळी झालीस का? यांच्याकडून चष्मा बदलून घे. पुढच्या रविवारी येतोय."

"शर्ट मी दिला होता." न्यायाधीशांसमोर निघालं नाही ते खिशातून निघालं! मी त्यांना कळवणार नाही, भिऊ नकोस. त्यांना आता गरज नाही. मला होती.

मी दिलेला शब्द परत घेणारी आणि तू दिलेला शर्टही परत न घेणारी. आईने काय विचार करून दोघींना एका घरात वाढवलं कोण जाणे.

रविवारी मेहुण्यांना सावकाश आण. जिन्यापाशी मी उभी राहीन, एक हात तुझ्याकडे, एक माझ्याकडे. त्यांची मापंही नव्याने घेईन, वाळले असतील. मानेला न टोचणारी कॉलर पुन्हा करते, या वेळी टोकं पुरी. मागे फुलं लावायची की नाही ते त्यांनाच विचारू.

बटण बदललं. आता डबा उपसून रंगाला रंग मिळवलाय, येऊन बघ. शर्ट दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवलाय, उंबऱ्यातून दिसेल असा. तो कधी तरी या रस्त्याने जाईलच. फक्त त्याने थांबून स्वतः सांगायला हवं की हा माझा, कारण या वेळी त्याच्या अंगावर दुसरंच काही असेल, आणि तुझ्या बहिणीला तो काही ओळखू येणार नाही.

तुझी ताई